बर्गी आणि वाङ्मयाचा वर्ग

पूर्वग्रह सुखाने नांदावा अशी जागा शोधायची झाल्यास आम्ही बाजार सुचवणार नाही, आगगाडीचा डबाही सुचवणार नाही. तेथे कोणी परप्रांतीयांविषयी वेडेवाकडे बोलले, तर समोरचा तितक्याच तडफेने उलट बोलतो आणि हिशेब जागच्या जागी मिटतो. वाङ्मयाच्या वर्गात तसे होत नाही. इतिहासाच्या वर्गात निदान पुरावा विचारण्याची सोय असते. वाङ्मयाच्या वर्गात कविता हाच पुरावा समजला जातो. अध्यापक कवितेच्या आडून बोलतो आणि कविता उत्तम असली, की तिच्या गोडीबरोबर त्याचे मतही विद्यार्थ्याच्या गळी उतरते. परीक्षेत तेच लिहिले जाते. तो विद्यार्थी पुढे अध्यापक झाला, की तेच तो शिकवू लागतो. अशा रीतीने एका व्यक्तीचा ग्रह दोन पिढ्यांत समीक्षेचा सिद्धान्त होऊन बसतो.

प्रस्तुत लेखात आम्ही याचे एक उदाहरण तपासणार आहोत. या मासिकाचे वाचक बहुतेक आमच्यासारखेच, बदलीच्या हुकुमाबरोबर बिऱ्हाड उचलून परमुलखात गेलेले. त्यांपैकी ज्यांचे बंगालमध्ये वास्तव्य झाले असेल, त्यांस ‘बर्गी’ हा शब्द नवा नाही. मूल निजवताना म्हणावयाच्या एका जुन्या बंगाली गाण्यात तो आहे, कचेरीतल्या थट्टेत तो आहे आणि कोलकात्याच्या बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली अजून त्याची आठवण देत उभी आहे. थट्टेविषयी आमची तक्रार नाही. थट्टा करणारा आपण थट्टा करीत आहोत हे जाणतो, आणि दुपारी डबा उघडला की तोच आपल्याला संदेश देऊ करतो. प्रश्न निर्माण होतो तो हाच शब्द व्यासपीठावरून शास्त्राच्या आवाजात उच्चारला जातो तेव्हा.

केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करण्यासाठी आम्ही या शहरी आलो. बंगाली लिपी हाताखालून गेल्यावर एका सायंकालीन वर्गात मध्ययुगीन बंगाली काव्य शिकण्यासाठी नाव नोंदविले. प्राध्यापक विद्वान होते. मंगलकाव्यांवरील त्यांची व्याख्याने आम्ही आजही आदराने आठवतो. गंगारामाचे ‘महाराष्ट्रपुराण’ शिकविण्याची पाळी आली, तेव्हा त्यांनी त्यातील बर्गींच्या अत्याचारांचा भाग तेवढा वाचून दाखविला आणि त्यावरून तीन निष्कर्ष काढले. पहिला असा, की कवीने येथे मराठ्यांचा जातिस्वभाव रेखाटला आहे. दुसरा असा, की घोड्याच्या पाठीवर जगणाऱ्या लोकांपाशी संस्कृती नसते, आणि त्यांचे वाङ्मय आजही त्यांच्या भूमीसारखेच खडकाळ राहिले आहे. तिसरा निष्कर्ष प्रश्नाच्या रूपाने आला. वर्गात एक मराठी विद्यार्थी आहे हे त्यांस ठाऊक होते. आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, की या स्वाऱ्या चालू असताना तुमचे कवी काय करीत होते? वर्ग हसला. उत्तराची वाट न पाहता प्राध्यापकांनी पान उलटले.

यात द्वेष नव्हता असे आमचे मत आहे. द्वेष असता तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते, कारण द्वेष्ट्याचा विचार टीकाकाराने करावयाचा नसतो. येथे एक व्यासंगी, सहृदय आणि एरवी न्यायी मनुष्य काव्य वाचताना चुकत होता, आणि ती चूक वाचनाची होती. म्हणून तिचा विचार वाचनाच्याच अंगाने केला पाहिजे.

प्रथम घडलेल्या गोष्टींविषयी. त्या नाकारण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांस होतो. तो आवरला पाहिजे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्कर राम कोल्हटकर १७४२ साली फौजेसह बंगालमध्ये उतरले. त्या वर्षापासून १७५१ च्या तहापर्यंत स्वाऱ्यांची मालिका चालू राहिली. वर्धमान, वीरभूम, मेदिनीपूर या बाजूंची गावे जळाली, पिके गेली, माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. हे केवळ एका गंगारामाने लिहिलेले नाही. वर्धमानच्या दरबारातील पंडित बाणेश्वर विद्यालंकार यांच्या ‘चित्रचंपू’ या १७४४ च्या संस्कृत ग्रंथातही शाहूराजाच्या सैनिकांच्या निर्दयपणाचे वर्णन आहे. इंग्रज व्यापाऱ्यांनी आणि कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला तो याच भयाने. तो खंदक कधी पुरा झाला नाही आणि ज्यांच्यासाठी खणला ते तेथवर आलेही नाहीत, हा भाग वेगळा. अखेर नवाब अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल केली आणि ओरिसा भोसल्यांकडे गेला.

आम्ही शाळेत शिकलो त्या इतिहासात यातले शेवटचे वाक्य तेवढे होते. कारकुनाच्या भाषेत बोलावयाचे, तर आपल्या वहीत जमेची बाजू काळजीपूर्वक लिहिलेली आहे. बारा लाख नोंदले आहेत. ते ज्यांच्या अंगणातून उचलले गेले त्यांची नावे दुसऱ्याच्या वहीत, दुसऱ्या भाषेत पडून आहेत. गंगारामाचे काव्य ही ती दुसरी वही होय. तिचे वाचन मराठी माणसाला सुखाचे होणार नाही, पण ती खोटी आहे असे म्हणता येणार नाही.

आता या वहीत लिहिले आहे काय, ते पाहू. ‘महाराष्ट्रपुराणा’चे हस्तलिखित मैमनसिंग जिल्ह्यात सापडले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेतून प्रसिद्ध झाले. त्यावरील काळ १७५१ चा, म्हणजे तहाच्याच वर्षाचा आहे. पुढे १९६५ साली एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला. काव्य फार मोठे नाही. एका बैठकीत वाचून होते, म्हणूनच त्यातला मधला तुकडा काढून घेण्याचे समर्थन कोणत्याही वेळापत्रकाने करता येत नाही.

काव्याचा आरंभ मराठ्यांपासून होतच नाही. तो बंगालच्या पापापासून होतो. लोक देवाला विसरले, परस्त्री आणि परनिंदा यांत रमले, पृथ्वीला भार सोसवेना. ती ब्रह्मदेवाकडे गेली आणि ब्रह्मदेव शंकराकडे. शंकराने नंदीला दक्षिणेस पाठविले आणि शाहूराजाच्या ठायी संचार करण्याची आज्ञा दिली, ती पाप्यांना शासन घडावे म्हणून. पुढे कथा दरबारात येते. शाहू बंगालच्या चौथाईची चौकशी करतो, दिल्लीस पत्र जाते, आणि बादशहा कळवितो की आपल्या सुभेदाराला मारून एक चाकर तेथे प्रबळ झाला आहे. तो आपल्यालाच वसूल पाठवीत नाही, तेव्हा तुम्हीच जाऊन चौथाई घ्या. भास्करपंत निघतो तो यानंतर. म्हणजे कवीच्या मांडणीत स्वारीमागे तीन कारणे उभी आहेत. देशाचे पाप, दिल्लीची दुर्बलता आणि नवाबाची बंडखोरी. मराठा हा या तिन्हींचे साधन आहे. जातिस्वभावाची भाषा येथे कोठेही नाही.

मग पळापळीचे प्रकरण येते, आणि येथे हा अज्ञातप्राय कवी खरा थोर ठरतो. पंडित पोथ्यांचे ओझे घेऊन पळतो, सोनार तराजू घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळे घेऊन. एकेका जातीचा माणूस आपल्या हत्यारासह डोळ्यांसमोरून जातो आणि एक सबंध समाज रस्त्यावर आलेला दिसतो. त्या गर्दीत कोणी विचारतो, की तुम्ही बर्गी पाहिले कोठे? उत्तर मिळते, की डोळ्यांनी कोणीच पाहिले नाहीत. सगळे पळतात म्हणून आम्हीही पळतो. जो कवी आपल्याच लोकांच्या भयाकडे इतक्या स्वच्छ दृष्टीने पाहतो, तो द्वेषाने आंधळा झालेला कवी नव्हे. भय खरे होते आणि भयाच्या बातमीने तिच्या स्वतःच्या पायांवर प्रवास केला, या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी दिसतात.

यानंतर ते अत्याचारांचे वर्णन येते, जे आमच्या वर्गात वाचले गेले. ते भयंकर आहे. हातपाय तोडणे, घरे जाळणे, स्त्रियांची विटंबना आणि पुन्हा पुन्हा एकच मागणी, पैसा द्या. ज्याच्यापाशी पैसा निघाला तो जगला, ज्याच्यापाशी नव्हता तो मेला. या ओळी मृदू करून वाचू नयेत असेच आम्ही म्हणतो. पण त्या ज्या जागी आल्या आहेत ती जागा विसरू नये. शंकराने पाप्यांना शासन करण्यासाठी ज्यांना धाडले, त्यांनी ब्राह्मण, वैष्णव, स्त्रिया यांना मारले. साधनाने आपली मर्यादा ओलांडली. म्हणूनच दाँइहाटला भास्करपंताने मांडलेली दुर्गापूजा त्याला फळत नाही. नवाबाची फौज येते आणि प्रतिमा मागे टाकून त्याला पळावे लागते. पुढे देवीच त्याच्यावर कोपते आणि आपल्या योगिनींना नवाबाचा पक्ष घेण्यास सांगते. अखेर मानकऱ्यास सलोख्याच्या भेटीसाठी बोलावून भास्करपंताचा वध होतो, आणि तेथे काव्य संपते. ही घटना १७४४ च्या मार्च महिन्यातली.

आरंभ आणि अखेर ध्यानी घेतली, की काव्याचा अर्थ अगदी वेगळा दिसू लागतो. ज्याला देवाने निवडले तोच अधर्म करू लागला, तर देव त्याला सोडतो. मग समोरचा नवाब यवन असला तरी देवी त्याच्या बाजूस उभी राहते. हा या पुराणाचा सिद्धान्त आहे. तो मराठ्यांस लागू आहे, नवाबास लागू आहे आणि बंगालच्या पापी प्रजेलाही लागू आहे. गंगारामाने माणसांची तुलना त्यांच्या कृत्यांवरून केली. प्राध्यापकांनी कृत्ये पुसली आणि माणसांची जात तेवढी ठेवली. कवीने जे कर्म म्हणून सांगितले ते त्यांनी स्वभाव म्हणून शिकविले. आमच्या मते पूर्वग्रहाची सारी किमया या एका शब्दपालटात आहे. त्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. एक ओळ खरी असते, दुसरीही खरी असते. फक्त मागचा आणि पुढचा कागद काढून घेतलेला असतो. नस्तीतले मधलेच एक टिपण वाचून शेरा मारणारा अधिकारी आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या टिपणातला मजकूर खरा असूनही शेरा अन्यायाचाच असतो.

गंगारामाचा समकालीन असलेला थोर कवी भारतचंद्र यानेही आपल्या ‘अन्नदामंगला’त या स्वाऱ्यांचे कारण सांगितले आहे, आणि ते पाहण्याजोगे आहे. त्याच्या कथेत नवाबाच्या सैनिकांनी भुवनेश्वरी धुमाकूळ घातला म्हणून नंदी खवळतो. शंकर त्याला आवरतो आणि साताऱ्याच्या भक्त राजाला स्वप्नात जाऊन सांगण्यास फर्मावितो. राजा रघूजीला धाडतो. शासन दोषी सैनिकांपुरते राहत नाही, निरपराधही त्यात भरडले जातात, आणि कवी तेही लपवीत नाही. दोन स्वतंत्र कवी, दोन भिन्न काव्ये. पण दोघांनाही साताऱ्याकडे पाहताना प्रथम शिवभक्ताचे राज्य दिसते आणि नंतर त्या राज्याच्या फौजेचा अन्याय दिसतो. ज्यांची घरे जळाली त्या पिढीच्या कवींना जो विवेक साधला, तो पावणेतीनशे वर्षांनंतर पंख्याखाली बसून शिकविणाऱ्यास का साधू नये?

मुलाला निजविण्याच्या त्या गाण्याविषयीही हेच. त्यात बर्गी आहेत, तसे धान खाऊन टाकणारे पक्षी आहेत आणि भरावयाचा साराही आहे. आईच्या चिंतेत तिन्ही एका रांगेत उभे आहेत. लुटारू गेला तरी पाखरे राहतात आणि पाखरे उडाली तरी सारा राहतो. हे गाणे कोणा परप्रांतीयांच्या निंदेसाठी रचलेले नाही. ते कोणत्याही राज्यातल्या, कोणत्याही शेतकऱ्याच्या घरातले आहे. आपल्या कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या माउलीस त्याचा अर्थ सांगितला, तर बर्गी म्हणजे कोण हे विचारण्याआधी ती साऱ्याविषयी बोलू लागेल.

शब्दाचाही थोडा विचार करू. बर्गी म्हणजे आपला बारगीर. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. म्हणजे बर्गी हा मुळात दुसऱ्याच्या घोड्यावर बसून दुसऱ्याच्या हुकुमाने परमुलखात जाणारा पगारी मनुष्य. हे वाचताना आमच्या व्यवसायबंधूंस थोडे चमत्कारिक वाटेल, पण बंगालने ज्या नावाने एका संपूर्ण प्रांताला ओळखले, ते नाव एका नोकरीचे होते. तिचे मालकही एक नव्हते. १७४३ साली रघूजी भोसले बंगालमध्ये असताना खुद्द पेशवे बाळाजी बाजीराव नवाबाच्या बाजूने फौज घेऊन आले आणि त्यांनी भोसल्यांस बंगालबाहेर हुसकले. भास्करपंतास वाटा दाखविणारा मीर हबीब हा तर पूर्वी नवाबाच्याच पक्षाचा सरदार. तेव्हा ‘मराठे विरुद्ध बंगाली’ अशी दोन जातींची सरळ रेषा त्या इतिहासात ओढताच येत नाही. ती रेषा नंतरची आहे.

ती कोठून आली? आमचा तर्क असा, की एका प्रदेशातील सर्व मनुष्यांचा एक स्वभाव असतो आणि तो त्यांच्या हवापाण्यातून निपजतो, ही विचारसरणी आपल्या दोन्ही प्रांतांस इंग्रजी वर्गातून मिळाली. तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना मेकॉलेच्या वॉरन हेस्टिंग्जवरील १८४१ च्या निबंधात आहे. बंगालच्या दमट हवेने तेथील मनुष्य दुबळा झाला आणि दुबळा म्हणून कपटी झाला, असा सिद्धान्त त्याने तेथे डौलदार भाषेत मांडला. तो निबंध उत्तम गद्याचा आदर्श म्हणून या देशातल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला गेला, आणि बंगालच्या मुलांनी स्वतःची निंदा शैलीचे सौंदर्य म्हणून अभ्यासली. त्याची चीड बंगालने योग्यच मनात धरली आहे. आमच्या प्राध्यापकांनीही एका व्याख्यानात मेकॉलेचा उचित समाचार घेतला होता. पण दमट हवेतून कपट काढणारा मेकॉले आणि खडकाळ जमिनीतून रुक्ष वाङ्मय काढणारे आमचे प्राध्यापक यांच्या तर्कपद्धतीत फरक कोणता? मेकॉलेला हाकलून दिले, पण त्याची खुर्ची ठेवली; आणि खुर्ची रिकामी दिसली की कोणीतरी तीवर बसतोच.

आता त्यांच्या प्रश्नाकडे वळू. स्वाऱ्या चालू असताना मराठी कवी काय करीत होते? प्रश्न उपरोधाने विचारला होता, तरी तो प्रश्न म्हणून चांगला आहे आणि त्याला उत्तर आहे. मोरोपंत तेव्हा पराडकरांच्या घरचा शिकता मुलगा होता. अमृतरायांची कटावे कीर्तनांत रंग भरीत होती. आणि अहमदनगरकडील ताहराबाद गावी महीपती नावाचा एक कुलकर्णी, म्हणजे गावचे हिशेब लिहिणारा आपलाच पूर्वज, देशोदेशींच्या संतांची चरित्रे मनात जुळवीत होता. त्याचा ‘भक्तिविजय’ १७६२ साली पुरा झाला. त्या ग्रंथात गीतगोविंदकार जयदेवाचे चरित्र आहे, आणि ते ज्ञानदेव-नामदेवांच्या पंक्तीत, त्याच भक्तीने सांगितलेले आहे. बंगाल आणि ओरिसा ज्या कवीवर आपापला हक्क सांगतात त्या कवीची कथा, त्याच पिढीत, त्याच छत्रपतींच्या प्रजेतला एक कुलकर्णी मराठी ओवीत लिहीत होता.

परंतु हे उत्तर आम्ही विजयाच्या आवेशाने देऊ इच्छीत नाही. महीपतीच्या ओव्यांनी वर्धमानकडची एकही कोठी पुन्हा भरली नाही. संतांची यादी पुढे करून शिपायांचा हिशेब फेडता येत नाही. तसा प्रयत्न करणे म्हणजे प्रतिपक्षाचीच रीत उलटी वापरणे होय. त्यांनी बारगिरावरून सारा महाराष्ट्र ठरविला, आपण महीपतीवरून ठरवू, एवढाच काय तो भेद. खरे उत्तर असे, की भास्करपंत आणि महीपती एकाच काळी, एकाच भाषेत बोलत होते, आणि कोणत्याही एकावरून दुसऱ्याविषयी काही सिद्ध होत नाही.

बंगालविषयी बोलताना दुसरा बंगाल विसरणे हाही अन्यायच होईल. भूदेव मुखोपाध्याय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘अंगुरीय विनिमय’ या कथेत शिवाजी महाराजांस नायक केले. रमेशचंद्र दत्त यांची ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही कादंबरी १८७८ ची. मराठी कुळात जन्मलेल्या सखाराम गणेश देउस्करांनी बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिली, ती १९०४ साली निघाली आणि १९१० साली सरकारने जप्त केली. बंगालने या ग्रंथकारास आपला मानण्यात कसूर केली नाही. त्याच १९०४ साली रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली आणि शिवाजीला दरोडेखोर ठरविणाऱ्या विदेशी इतिहासाला तीत उत्तर दिले. रवींद्रनाथांच्या कानांवर ते बर्गींचे गाणे लहानपणी पडले नसेल काय? पण कानावर पडलेले गाणे आणि विचार करून घेतलेला निर्णय यांतील अंतर त्यांस कळत होते.

येथे कोणी म्हणेल, की हा स्तुतीचा बंगाल झाला. स्तुती करणारा तो न्यायी असे तुमचे म्हणणे दिसते. तसे नाही. यदुनाथ सरकारांचे उदाहरण पाहा. बर्गींच्या स्वाऱ्यांचे वर्णन करताना त्यांनी मराठ्यांस कसलीही सवलत दिलेली नाही. त्यांची पाने गंगारामाइतकीच कठोर आहेत. पण त्याच यदुनाथांनी मराठी भाषा शिकून घेतली, मराठी कागद वाचले आणि ‘मराठी रियासत’कार गो. स. सरदेसाई यांच्याशी जन्मभर स्नेह ठेवला. दोघे अनेक बाबतींत भांडले, पत्रांतून भांडले आणि एकमेकांच्या घरी राहून भांडले. कठोर टीका आणि पूर्वग्रह यांतील भेद येथे स्पष्ट होतो. टीकाकार दुसऱ्याची वही मागून घेतो आणि ताडून पाहतो; पूर्वग्रही मनुष्याला ती वही आहे हेच ठाऊक नसते. आमचे प्राध्यापक मराठी वाङ्मयास खडकाळ म्हणाले तेव्हा त्यांनी किती मराठी पुस्तके वाचली होती, हे आम्ही नंतर अदबीने विचारले. अनुवादातून एक नाटक पाहिले होते, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पुढील आठवड्यात काव्याचा आरंभीचा भाग वर्गापुढे वाचण्याची परवानगी आम्ही मागितली, ती त्यांनी दिली. वाचन झाल्यावर ते म्हणाले, की हा पुराणकथेचा साचा आहे, त्याला फार महत्त्व देऊ नये. वर्गातील दोघे-तिघे मात्र तास संपल्यावर ते पुस्तक मागावयास आले. एवढेच घडले.

हा प्रसंग लिहून आपल्या मंडळींस बंगाली प्राध्यापकांविरुद्ध उठविण्याचा आमचा हेतू असता, तर लेख येथेच संपता. पण आपल्या स्वतःच्या वर्गांत काय चालते? शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांच्या अनुवादांतून मराठी घरांत पोहोचल्या. आपल्या आज्या-माउल्यांनी त्या डोळे पुसत वाचल्या. आणि त्या कादंबऱ्यांविषयी आपल्याकडे वर्गात काय सांगतात? बंगाली मनुष्यच मुळी भावविवश, म्हणून हे वाङ्मय अश्रूंचे. आम्ही पदवीसाठी मराठी घेतले होते तेव्हा हे वाक्य एकाहून अधिक अध्यापकांच्या तोंडून ऐकले आहे. ‘खडकाळ जमीन’ आणि ‘भावविवश मनुष्य’ ही एकाच टाकसाळीतली दोन नाणी होत. शरच्चंद्रांच्या नायिकांचे अश्रू हवेतून आलेले नाहीत. ते कुलीनांच्या विवाहपद्धतीतून, विधवेच्या कोंडीतून, गावकीच्या बहिष्कारातून आले आहेत. ते कारण शोधावे लागते; ‘बंगाली’ म्हटले की शोधाचे श्रम वाचतात. ‘बंगाली जादू’ म्हणून खेड्यापाड्यांत जे भय पसरलेले आहे, ते तर आपल्याकडचे बर्गींचे गाणेच म्हणावे लागेल. आपल्या जुन्या फार्सांतून परप्रांतीय पात्र रंगमंचावर आले, की त्याने तोंड उघडण्यापूर्वीच प्रेक्षक हसतो. तेव्हा ज्या वर्गात आम्हांस हसणे ऐकावे लागले, तशा वर्गांत आपल्या भाषेतही कोणीतरी एकटा विद्यार्थी बसलेला असतो.

परमुलखात राहणाऱ्या आपणा लोकांस या बाबतीत एक सोय आहे, जी घरी राहिलेल्यांस नाही. आपण दोन वह्यांच्या मध्ये बसतो. आपल्यासारख्याच एका बदलीच्या नोकराची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. रवींद्रनाथांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी नोकरीत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात गेली आणि ते निवृत्त झाले ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून. ज्या साताऱ्याच्या नावाने बंगालमधील माणसांचा थरकाप झाला होता, त्याच साताऱ्यात एका बंगाली गृहस्थाने न्यायदान केले. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले आणि ‘बोम्बाई चित्र’ लिहून इकडील जीवनाची ओळख बंगाली वाचकांस करून दिली. त्यांनी बर्गी विसरावेत असे कोणी सांगितले नव्हते, आणि विसरलेही नसतील. त्यांनी केले ते एवढेच, की नोकरीने जेथे नेले तेथील भाषा शिकून तिच्यातले सर्वोत्तम पुस्तक स्वतः वाचले.

आम्हांस सुचतो तो उपाय यापेक्षा वेगळा नाही. परप्रांतीय प्राध्यापकाने आपला उपमर्द केला म्हणून सभा भरवून निषेधाचा ठराव करणे सोपे आहे. आपली मंडळे ते काम उत्साहाने करतील. त्यापेक्षा गंगारामाचे हे लहानसे काव्य मराठीत आणून, सटीप, आपल्या मंडळांच्या वाचनालयांत ठेवावे आणि ‘भक्तिविजया’तील जयदेवचरित्र बंगाली वाचकांच्या हाती द्यावे. मराठी वाङ्मयाच्या वर्गात ‘महाराष्ट्रपुराण’ नावाचा ग्रंथ शिकविला जाऊ नये, ही गोष्ट नुसती ऐकली तरी विचित्र वाटते. तो शिकविताना मराठी अध्यापकाने अत्याचारांच्या ओळी गाळू नयेत, आणि बंगाली अध्यापकाने पृथ्वीचे गाऱ्हाणे गाळू नये. दोघांनीही ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. काव्याची त्याहून अधिक मागणी कधीच नसते.